माहेरचं रक्त

आमच्या घरात मिलिंदला कुणी मारत नसे. मारणं सोडाच, रस्ता ओलांडताना त्याचा दंड जरा घट्ट धरला तरी दुसऱ्या दिवशी तिथे चार बोटं आणि एक अंगठा निळा उमटलेला दिसे. माझा हा धाकटा भाऊ तेव्हा सात वर्षांचा होता आणि मी अठराची. मधे कुणी नव्हतं. त्याच्या कानात कायम कापसाचा बोळा, कोपराच्या नि गुडघ्याच्या खोबणीत खाजून खाजून झालेली खरबरीत कातडी, आणि नाकाचा घोळणा कधी फुटेल याचा नेम नाही. आईने घरातल्या प्रत्येक टोकाला चिंध्या गुंडाळल्या होत्या. ट्रंकेचे कोपरे, खाटेचे पाय, शिलाई मशीनचा पायडल, सगळ्यांना फडकी बांधलेली. पाहुणे आले की विचारायचे, घरात रंगकाम काढलंय काय? हिरड्यांतून रक्त येई म्हणून त्याला भाकरी दुधात कुस्करून लागे, आणि आई ती कुस्करताना वाटीवर बोटांचा एक ठेका धरी. तो ठेका ऐकला की मिलिंद कुठेही असला तरी जेवायला येऊन बसायचा. आजही कुणी वाटीवर बोटं वाजवली की माझी मान दाराकडे वळते.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. कागलच्या नव्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ते साचे भरायच्या कामावर होते. दिवसभर यंत्रांवरून ओरडायची सवय, त्यामुळे घरात साधं पाणी मागितलं तरी गल्लीला कळायचं. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न सालानंतर लगेच दीक्षा घेतलेली. घरातले देव ओढ्याला सोडून आलो तेव्हा डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, असं आजोबा सांगत, आणि ते आबा आम्हाला सांगत. बावीस प्रतिज्ञा आबांना पाठ होत्या, आणि त्या नुसत्या पाठ असून भागत नाही, रोज वागायच्या असतात, असं त्यांचं म्हणणं. कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीत मराठ्यांची, आमची, दोन-चार मुसलमानांची अशी मिसळून घरं होती. कुणाच्या घरी अंगारा-धुपारा निघाला की आबा हटकून दारात उभे राहून मोठ्याने वर्तमानपत्र वाचत. मला तेव्हा त्याची लाज वाटायची. आता वाटते ती लाज वाटल्याची.

आई चंदगडकडची. तिकडच्या पावसात वाढलेली, कमी बोलणारी. काजूची उसळ आणि तांदळाची पेज ही तिची खासियत. पण माहेरचा विषय निघाला की ती पदर खोचून कामाला लागायची. त्याचं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. आईला दोन धाकटे भाऊ होते. एक पाळण्यातच गेला, दुसरा चार वर्षांचा होऊन. दोघांच्याही अंगावर निळे डाग उठायचे. गावाने आधी करणी म्हटलं, मग त्या घराण्याच्या रक्तातच खोट आहे म्हटलं, आणि खोट हा शब्द आईबरोबर सासरी आला. आमची मलकापूरची आत्या, आबांची थोरली बहीण, तोंडाने फटकळ. मिलिंदच्या अंगावर पहिला डाग दिसला तेव्हा ती आईच्या देखत म्हणाली होती, "आमच्यात असलं काय न्हवतं बाई. हे तिकडनंच आलंया." आईने चुलीतलं लाकूड तेवढं पुढे सारलं.

मिलिंदला जिथे दाखवत असू त्या मुलांच्या डॉक्टर एक बाई होत्या. उंच, ताठ, बोलताना चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणायचो. एका दुपारी त्यांनी औषधांच्या कंपनीच्या वहीचा कागद उलटा केला आणि आईला विचारलं, "मुलाला मामा किती?" आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "दोन हुते." बाईंनी कागदावर चौकोन आणि गोल काढले. चौकोन मुलगे, गोल मुली. दोन चौकोन काट मारून खोडले, एक पूर्ण रंगवला. तो मिलिंद. आईच्या गोलात मधोमध एक ठिपका दिला. माझ्या गोलाजवळ पेन थांबलं आणि तिथे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं. आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, पण ते कुणा परदेशी डॉक्टरांच्या नावांचं, लांबलचक. घरी येईपर्यंत आम्ही ते विसरलो. कळलं ते इतकंच की हा आजार आयांकडून मुलग्यांना येतो, आयांना स्वतःला काही होत नाही, आणि अशा मुलाला साधा ताप-गोवरसुद्धा महागात पडू शकतो. "कांजिण्यांपासून तर फार जपा," असं त्या दोनदा म्हणाल्या. दोष कुणाचाच नाही, असंही म्हणाल्या. त्यावर आईने विचारलं, "मग पोरंच कशी जात्यात आमची, बाई?" बाईंनी चष्मा काढून पुसला. मी मात्र वाटभर त्या प्रश्नचिन्हाचा विचार करत होते.

कांजिण्या आल्या त्या मलाच, आणि नशिबाने घरी नव्हे. आत्याच्या लेकीचं लग्न ठरलं होतं म्हणून मी मलकापूरला मदतीला गेले होते. लग्न पार पडलं आणि दोन दिवसांनी सकाळी केस विंचरताना कपाळावर पाण्याचा फोड दिसला. संध्याकाळपर्यंत पाठ भरली. आत्याने मला मागच्या खोलीत घातलं, गादीवर कडुलिंबाचा पाला पसरला, दारालाही लिंबाचा डहाळा बांधला आणि घरातली फोडणी बंद केली. तिनेही दीक्षेतलंच घर सांभाळलेलं, पण पोरीच्या अंगावर फोड आले की तिची जुनी भीती जागी व्हायची. देवी घरात असताना तळण-फोडणी करायची नाही, तिच्या अंगाचा दाह होतो, असं तिकडे सगळे मानत. मला बिनफोडणीचं वरण, दहीभात आणि ताक. आत्या दिवस मात्र बोटांवर मोजत होती.

चौथ्या दिवशी आबा आले. ते अंगणात चपला काढतायत तोवरच दारावरचा डहाळा त्यांच्या नजरेला पडला. आत्याच्या हातातलं पाण्याचं तांब्या-भांडं तसंच राहिलं. आबांनी डहाळा ओढून काढला, दोन तुकडे केले आणि म्हणाले, "अक्का, माझ्या लेकीला रोग झालाय. रोगाला दाराला तोरण बांधत्यात व्हय?" आत्या म्हणाली, "तुझी पोरगी हाय म्हणून बांधलंय. मला काय हौस हाय?" "मग चुलीवर कढई ठेव आन् फोडणी दे. गल्लीला ऐकू जाऊ दे." आत्या पुटपुटत उठली. मला आतून मोहरी तडतडलेली ऐकू आली, मग लसणाचा वास आला, आणि तापातसुद्धा मला भूक लागली. आबा दारातूनच माझ्याशी बोलले, कारण बाईंनी त्यांना बजावलं होतं की मिलिंदकडे काही घेऊन जाऊ नका. परत जाताना त्यांनी आत्याच्या न्हाणीत अंग धुतलं, आत्याच्या नवऱ्याचे कपडे घातले आणि स्वतःचे तिथेच भिजत टाकले.

त्या डहाळ्याची गोष्ट आबांनी घरी आणि फौंड्रीत किती वेळा सांगितली असेल कोण जाणे. माझ्या खपल्या पडून गेल्या आणि तीन आठवड्यांनी मी कोल्हापूरला परत आले, तेव्हा मिलिंद मला ती साभिनय करून दाखवत होता. टाचा वर करून हवेतला डहाळा ओढायचा, मोडायचा, आणि आबांच्या आवाजात म्हणायचा, "फोडणी दे!" आबा खाटेवर बसून हसायचे. आपला वारसा लेकाने उचलला म्हणून त्यांची छाती फुललेली मला अजून दिसते.

त्यानंतर महिना-सव्वा महिन्याने शेजारच्या मालनकाकूंच्या दाराला लिंबाचा डहाळा लागला. त्यांचा पप्या मिलिंदच्याच वर्गात होता. आमच्याकडे फोडणीचा आवाज आणि त्यांच्याकडे तीन दिवस सगळं चिडीचूप, हे आमच्या लक्षात यायला हवं होतं. गल्लीत असा पाला दिसला की इतर घरांतल्या मुलांना आपोआप ताकीद मिळायची. कुणी समजावून सांगायचं नाही, मुलं त्या उंबऱ्यापासून लांब राहायची. आमच्याच घरातल्या मुलाला तेवढी ती खूण वाचता येत नव्हती, कारण आबांनी तिचं सगळं भय काढून टाकलं होतं.

मी दुपारी कॉलेजातून आले तर आई मिलिंदच्या चड्डीचा खिसा उलटा करून बसली होती. जमिनीवर लिंबाची दोन पानं. "ही कुठली रं?" मिलिंदने अभिमानाने सांगितलं, "पप्याच्या दाराची. मी मोडली. आन् आत जाऊन त्याच्यासंगं कॅरम खेळलो. त्याची आजी नुसती वरडत हुती." आईने विचारलं, "पप्याच्या अंगावर काय हाय?" "फोड हायत की. पण लिंबाला आपण भीत न्हाय, आबांनी सांगितलंय." आई उठली ती थेट न्हाणीत गेली. तिने मिलिंदला गरम पाण्याने घासून घासून आंघोळ घातली, जणू ते धुऊन निघणार होतं. तिने त्याला इतकं घट्ट धरलं होतं की दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठीवर तिच्याच बोटांचे निळे वळ होते.

आबा पाळीवरून आले तेव्हा मीच त्यांना सांगितलं. ते उंबऱ्यावर बसले. जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली गेलेला मी ऐकला. "मी पोराला शानं कराय गेलतो गं उजू," एवढंच म्हणाले. माझं नाव उज्ज्वला, पण घरात उजू.

बाईंनी आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीचे पेशंट थांबवून आत घेतलं. त्यांनी लपवाछपवी केली नाही. अशा मुलाच्या कांजिण्या फुफ्फुसात उतरतात, फोडांत रक्त उतरतं, औषध आहे, पण ते एकटं पुरेल याची खात्री नाही. कांजिण्यांशी लढायची ताकद आयती देणारं इंजेक्शन कोल्हापुरात नव्हतं, आणि त्यांनी मुंबई-पुण्याला फोन करून पाहिले तर तिथूनही वेळेत येण्यासारखं नव्हतं. चारेक दिवसांच्या आत काही करायला हवं होतं, आणि त्यातला एक गेला होता. मग त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "घरात नुकत्याच कांजिण्या येऊन गेलेलं कुणी आहे?" आबा आणि आई दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. माझ्या कपाळावरचा वण तेव्हा अजून गुलाबी होता.

बाईंनी समजावलं. कांजिण्यांतून उठलेल्या माणसाच्या रक्तात त्या विषाणूला ओळखून पकडणारी द्रव्यं तयार असतात. रक्त काढून त्यातल्या तांबड्या पेशी वेगळ्या केल्या की पिवळसर पाणी उरतं, त्यात ती असतात. ते पाणी मिलिंदला चढवायचं. रक्तगट आमचा एकच होता. मी हात पुढे करायला हवा होता, पण मी केला नाही. मला तो कागद आठवत होता, माझ्या गोलाजवळचं प्रश्नचिन्ह. मी म्हणाले, "पण बाई, माझ्या रक्तातबी तीच खोट असंल तर? माझंच रक्त देऊन त्याला कायतरी झालं तर?"

खोट हा शब्द त्या खोलीत मी उच्चारला आणि आईने मान खाली घातली. ते मला आजही बोचतं. बाई खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. त्या सांगू लागल्या, कुठल्याही स्त्रीच्या प्रत्येक पेशीत या गुणाचे दोन धागे असतात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. पेशी त्यांतला एकच वापरते. तू वाहक असलीस तर सुरुवातीला तुझ्या काही पेशी बिघडलेला धागा घेऊन निघतात, काही चांगला. पण या आजारात रक्तातल्या बिघडलेल्या धाग्याच्या पेशी मागे पडत जातात, आणि टिकतात त्या चांगल्या धाग्याच्या. म्हणून अशा घरातल्या बाया धडधाकट असतात. "हे पुस्तकात आहे," त्या म्हणाल्या, "मी स्वतः अजून पाहिलेलं नाही, तेव्हा तुझ्या पेशी तपासल्याशिवाय मी देणार नाही. मला सांग, तुझ्या खपल्या कितव्या दिवशी धरल्या?" आत्याने मोजलेले दिवस मला माहीत होते. "आठव्या दिवशी सगळ्या वाळल्या हुत्या." "ताप?" "चार दिवस. दुसरं काय न्हाय झालं." त्या पहिल्यांदाच हसल्या. "तुझ्या रक्तातल्या द्रव्यांची चाचणी इथे होत नाही. पण तुझं शरीर एकदा परीक्षेला बसून पास झालंय. ते वण म्हणजेच तुझा निकाल."

तेवढ्यात आई बोलली. "माझं घ्या की बाई. मलाबी ल्हानपणी आल्या हुत्या. ही अजून पोर हाय." बाई म्हणाल्या, तुमचंही चाललं असतं, पण पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या लढाईपेक्षा दोनेक महिन्यांपूर्वीची बरी, हिच्या रक्तात ती द्रव्यं आत्ता भरपूर असतील. आणि मग त्यांनी जे म्हटलं ते आईने पुढे आयुष्यभर जपलं. "ताई, लेकीला हे धडधाकट रक्त देण्यात निम्मा वाटा तुमचा आहे."

मी रक्तपेढीत मुठीची उघडमीट करत पडले होते. पिशवी भरताना पाहिली. माझं रक्त इतकं गडद असेल असं वाटलं नव्हतं. रक्त गोठवणाऱ्या बारीक चपट्या पेशी, ज्या मिलिंदकडे कमी होत्या, माझ्याकडे चांगल्या भरभक्कम निघाल्या. तपासणाऱ्या माणसाने सूक्ष्मदर्शकातून मला पाहू दिलं, आणि मी डोळा लावला तो तिथेच चिकटला म्हणायला हरकत नाही. पुढे मी त्याच कामाचं शिक्षण घेतलं. आता पन्नाशीला टेकले आहे, इतक्या लोकांचं रक्त पाहिलं, पण पहिलं पाहिलं ते माझं स्वतःचं. दुसऱ्या दिवशी दुपारी मिलिंदच्या हातात ते पिवळं पाणी थेंब थेंब उतरत होतं आणि तो मला विचारत होता, "आता मला तुझ्यासारखं गणित यील काय?" मी म्हटलं, येईल. ते काही आलं नाही.

मग वाट पाहणं. असं पाणी चढवलं की फोड उशिराही उठू शकतात, म्हणून बाईंनी चार आठवडे सांगितले होते. आई रोज सकाळी त्याचा सदरा काढून त्याला उजेडात उभं करायची आणि आबा पाठीपासून तळपायापर्यंत बघायचे. सतरा दिवस गेले, अठरा गेले. एकोणिसाव्या सकाळी आबा म्हणाले, "हितं एक हाय." मानेखाली, पाण्याने भरलेला. आईने त्याला चादरीत गुंडाळलं. आम्ही त्याला तसंच रिक्षात घालून बाईंकडे नेलं, त्यांनी दवाखान्यात ठेवून घेतलं, औषध सुरू केलं. दुसऱ्या दिवशी आठ झाले. तिसऱ्या दिवशी सतरा. माझ्या एका दंडावर याहून जास्त होते. चौथ्या दिवशी आबांनी मोजले, पुन्हा मोजले आणि बाईंना बोलवायला पळाले. सतराच. ताप उतरत होता, छाती स्वच्छ होती. बाईंनी आपल्या हाताने एकेक फोड मोजला आणि म्हणाल्या, "उज्ज्वला, तुझं सैन्य पोचलं बरं का."

खपल्या पडायच्या आधीच त्यांनी आम्हाला घरी सोडलं. घरी पोचल्यावर आबांनी माझ्याकडून खडू मागितला आणि दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, या घरात कांजिण्या आहेत, लहान मुलांनी आत येऊ नये. मालनकाकू आपल्या दारातून बघत होत्या. मिलिंदसाठी त्यांचाही जीव टांगणीला लागला होता, पण तोंड कुठे गप्प बसतंय. "त्यापरीस लिंब बांधला असता भाऊजी, तर लिव्हाय लागलं नसतं." आबा खडूची बोटं झाडत म्हणाले, "माझ्या पोराला लिंब वाचाय येत न्हाय वहिनी. माझीच चूक हुती ती. आता समद्यांस्नी वाचाय यील असं लिव्हलंय." पुढच्या उन्हाळ्यात काकूंच्या पुतणीला कांजिण्या आल्या तेव्हा त्यांच्या दाराला डहाळाही होता आणि खाली खडूने लिहिलेलंही होतं. अक्षर आबांचं.

मलकापूरहून आत्या आली. येताना नाचणीचे पापड, तूप आणि डोळ्यांत पाणी घेऊन आली. मिलिंदला कुरवाळताना तिने सवयीने हात हलका ठेवला. घरात बाया जमल्या होत्या, काकू होत्या, आई पाटावर बसून भाकरी कुस्करत होती. आत्या म्हणाली, "नशीब म्हणायचं बाई. पोरगं वाचलं." आईची बोटं वाटीवर थांबली. तिने वर पाहिलं. इतक्या वर्षांत मी तिला आत्याच्या डोळ्यांत बघून बोलताना पाहिलं नव्हतं. "नशीब न्हवं वन्सं," ती म्हणाली, शांतपणे, पण गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. "माझ्या म्हायेरचं रक्त हाय ते. त्येनंच वाचिवलं." आत्याने पुढे सरकून आईच्या हातातली वाटी घेतली आणि म्हणाली, "दे, मी कुस्करतो. तू बस जरा."

मिलिंद आज कागलला एका कारखान्यात मालाच्या तपासणीवर आहे. बारा महिने पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो आणि डॉक्टरांच्या तारखा चुकवत नाही. त्याचा आजार सौम्य प्रकारातला निघाला, हे आम्हाला बऱ्याच वर्षांनी कळलं. माझी खरी चाचणी झाली तीही नव्या शतकात, माझं लग्न ठरायच्या वेळी. बाईंनीच मुंबईच्या प्रयोगशाळेत रक्त पाठवलं होतं. पाकीट आलं तेव्हा आई मागच्या दारी भांडी घासत होती. मी वाचलं. मी वाहक होते. माझ्या मुलग्यांना हा आजार होण्याचा धोका आहे, लग्नाआधी हे सांगितलं पाहिजे, असं सगळं त्यात होतं, आणि मी ते पुढे सांगितलंही. माझं तोंड बघून आईने राखेचे हात तसेच वर धरले. "काय लिव्हलंय?"

मला नीट शब्द सुचेनात. मी म्हटलं, "आई, मी तुझ्यासारखी हाय."

तिने हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्या हातातून कागद घेतला. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिने तो वरपासून खालपर्यंत पाहिला. "मग हाईसच की," ती म्हणाली. बुद्धाच्या तसबिरीमागे माझी दहावीची गुणपत्रिका ठेवलेली होती. तिने कागदाची घडी घातली आणि तो त्या गुणपत्रिकेच्या पुढे ठेवला.